अखर्चित : एका सरकारी शब्दाची समीक्षा

(महाड तालुक्यातील हिरकणीवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक रायगडाच्या पायथ्याशी येऊन शाळेच्या अनुदानावर बोलणार, हे वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की पत्रिकेत विषय चुकून छापला. तसं झालेलं नाही. तत्त्वज्ञानाचं निम्मं काम म्हणजे आपण रोज वापरतो ते शब्द उलटे करून पाहणं, नाण्याची दुसरी बाजू पाहतो तसं. आणि सरकारी परिपत्रकात जेवढे न तपासलेले शब्द सापडतात, तेवढे कवितेतसुद्धा सापडत नाहीत. म्हणून आज मी एका नियमाची समीक्षा करणार आहे. नियम साधा आहे. शाळेला मिळालेला पैसा वर्षअखेरीस शाळेकडे शिल्लक राहता कामा नये. एवढाच.

आधी नियम नीट समजून घेऊ. टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे.

२०१८-१९ पासून आपल्याकडे समग्र शिक्षा ही योजना आहे. महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. तिच्यात सरकारी शाळांना एक संयुक्त शाळा अनुदान मिळतं. मोडलेलं सामान बदलणं, वीजबिल, पाणी, स्वच्छतागृह, खडू-फळा, शैक्षणिक साहित्य, इमारतीची किरकोळ डागडुजी, सगळं त्यात. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० पटाला २५,०००. १०१ ते २५० ला ५०,०००. २५१ ते १००० ला ७५,०००, आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छता कृती आराखड्यासाठी खर्च करायचे.

आता वाडीवरच्या शाळेचा हिशोब मांडा. पट ३० च्या आत. दहा हजारांतले एक हजार स्वच्छतेचे. उरले नऊ हजार. भागिले बारा, महिन्याला ७५० रुपये. त्यात वीज, पाणी, खडू आणि छप्पर. पूर्वीच्या सर्व शिक्षा अभियानाच्या निकषांत प्राथमिक शाळेला ५,००० रुपये शाळा अनुदान, तीन खोल्यांपर्यंत देखभालीसाठी कमाल ५,००० आणि प्रत्येक शिक्षकामागे ५०० रुपये असे. म्हणजे दोन शिक्षकी शाळेला जास्तीत जास्त ११,००० रुपये. ती योजना गेली, नवी आली, महागाई वाढली आणि छोट्या शाळेचे ११,००० चे १०,००० झाले. मी यावर भाष्य करत नाही, वजाबाकी तुम्हालाही येते.

दुसरा भाग २०२१ चा. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २३ मार्च २०२१ रोजी आदेश काढला आणि १ जुलैपासून नवी पद्धत लागू केली. प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेसाठी राज्यात एकच नोडल यंत्रणा आणि तिचं एकच मुख्य खाते. खालच्या सगळ्यांची खाती शून्य शिलकीची. आधीच्या खात्यांत जे पडून होतं ते वर परत करायचं. आता शाळेच्या खात्यात पैसे नसतातच. असते ती फक्त खर्चाची मर्यादा. बिल आलं की तेवढे पैसे मुख्य खात्यातून निघून परस्पर दुकानदाराला जातात. मार्च संपला की मर्यादाही संपली.

हा झाला नियम. आता त्याची भाषा पाहू.

पहिला शब्द 'अखर्चित'. या शब्दात एक आरोप दडलेला आहे. 'जपलेला' निधी, 'राखलेला' निधी असं म्हणता आलं असतं. आपल्या घरात एखाद्या सुनेने वर्षाच्या शेवटी डब्यात हजार रुपये राखले तर सासू तिला कौतुकाने काटकसरी म्हणते. मुख्याध्यापकांनी राखले तर त्यांच्याकडे खुलासा मागतात. तीच कृती. एका ठिकाणी गुण, दुसऱ्या ठिकाणी अकार्यक्षमता.

दुसरा शब्द 'समर्पित'. न वापरलेला निधी वर परत करण्याला आपल्या प्रशासनाच्या मराठीत 'निधी समर्पित करणे' म्हणतात. समर्पण हा भक्तीतला शब्द. भक्त स्वतःचं असलेलं देवाला देतो. इथे ज्याचं कधी नव्हतंच त्याला ते 'समर्पित' करायला लावतात. शब्द भक्तीचा, व्यवहार जप्तीचा.

तिसरा शब्द 'व्यपगत'. निधी व्यपगत झाला, म्हणजे गेला. कोणी नेला? कोणीच नाही, आपला आपण गेला. कर्ता नसलेलं वाक्य हा सत्तेचा आवडता वाक्यप्रकार आहे, कारण कर्ता नसला की जाब कोणाला विचारणार?

आणि चौथा 'उपयोगिता प्रमाणपत्र'. मला हा सगळ्यांत गमतीचा वाटतो. नाव उपयोगितेचं, पण ते उपयोग झाला असं सांगत नाही. पैसे मंजूर कारणावर संपले, एवढंच सांगतं. संपणं आणि उपयोगी पडणं यांत फरक आहे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवायची गोष्ट आहे.

आता मी नियमाची बाजू घेतो. ती कमकुवत नाही. देशात लाखो शाळा आहेत. प्रत्येकीच्या खात्यात पाच-दहा हजार पडून राहिले तर बेरीज प्रचंड होते, आणि त्याच वेळी सरकार व्याजाने कर्ज काढत असतं. घरात धान्य कुजतंय आणि आपण वाण्याकडून उधार आणतोय, अशी ती गत. दुसरं, लोकप्रतिनिधींनी एका वर्षासाठी मंजूर केलेला पैसा त्याच वर्षात खर्च व्हावा, नाहीतर त्यांना विचारून पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा, हे लोकशाहीचं जुनं तत्त्व आहे. कारभाऱ्याच्या हाती बेहिशेबी थैली नको, म्हणून ते आलं. तिसरं, चोरी होते. पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी प्यायला हे जसं कळत नाही, तसं पैशावर नेमलेल्या माणसाने पैसा कधी खाल्ला हे कळत नाही, हे कौटिल्याने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. तेव्हा एक खाते, सगळं दिसतंय, सगळं नोंदतंय, याला मी वाईट म्हणणार नाही. पैसा कुठून कुठे गेला हे दिसलंच पाहिजे.

पण पैसा दिसला पाहिजे, हे एक. पैसा राखता कामा नये, हे वेगळं. नियमाने या दोन गोष्टी एकच समजल्या. माझी सगळी तक्रार या एका ठिकाणी आहे.

बघा, महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणात घराची शाकारणी कधी करतात? इथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एप्रिल-मे. नळे परतायचे, वासे बघायचे, पत्र्याचे हूक आवळायचे, ते सगळं मृगाच्या आत. आणि सरकारचं वर्ष संपतं ३१ मार्चला. म्हणजे नेमकं छप्पर उतरवायची वेळ आली की जुन्या वर्षाचे पैसे संपलेले असतात, आणि नव्या वर्षाचे पैसे हप्त्यांनी, पावसाळा उलटल्यावर येतात. जानेवारी-फेब्रुवारीत मर्यादा मिळाली तर पंधरा दिवसांत खर्च करा म्हणून निरोप. छप्पर तेव्हा उघडावं तर वर्ग भरलेले. मग पैसे कशावर जातात? जे पंधरा दिवसांत विकत मिळतं त्यावर. तक्ते, फलक, रंगाचे डबे. वाया जाऊ नये म्हणून केलेला नियम असा दर मार्चला वाया घालवायला शिकवतो. यात मुख्याध्यापकांचा दोष नाही. 'खर्च केलात तर शाबासकी, राखलात तर खुलासा' असं म्हटलं की शहाणा माणूस काय करील ते आपल्याला आधीच माहीत असतं.

बरं, संकट काही आर्थिक वर्ष पाहून येत नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं आणि शाळांचेही पत्रे उडाले. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरातही दरडी आल्या. तारखा पुन्हा पाहा. जून, जुलै. नव्या वर्षाचा पैसा आलेला नाही आणि जुन्या वर्षाचा राखायला बंदी, अशा नेमक्या महिन्यांतल्या. मोठ्या आपत्तीला सरकार मदत करतं, हे खरं. पण पंचनामा, प्रस्ताव, मंजुरी, निविदा यांतून ती येईपर्यंत, फुटलेल्या पत्र्याखाली बसलेलं मूल इयत्ता बदलून पुढे जातं. त्या मधल्या काळासाठी शाळेच्या हाती पंधरा हजार असले तर पुरे असतं. तेवढेच नसतात.

आता कायदा पाहा, कारण इथे खरा विरोधाभास आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा, आणि त्यात वर्षनिहाय आर्थिक गरज मांडायची. आणि कलम २२ चं दुसरं पोटकलम सांगतं की सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना आणि अनुदान यांचा पाया हा आराखडाच असेल. मी हे पोटकलम कितीतरी वेळा वाचलं. कारण ते फार मोठं आहे. गावातल्या आईबापांनी आराखडा करायचा आणि त्यावरून अनुदान ठरायचं, असं संसद म्हणते.

प्रत्यक्षात काय होतं? अनुदान पटाच्या कोष्टकावरून ठरतं. पट ३० तर दहा हजार, ३१ तर पंचवीस हजार. एका मुलाच्या येण्याजाण्याने पंधरा हजारांचा फरक. छप्पर मात्र तेवढंच, पाऊस तेवढाच. आठ मुलांच्या शाळेला कमी पत्रे लागत नाहीत. आराखडा तीन वर्षांचा करायचा, पैसा मात्र तीन वर्षं सोडाच, ३१ मार्च ओलांडू द्यायचा नाही. ज्याला उद्यासाठी काही ठेवायची मुभा नाही त्याला उद्याची योजना करायला सांगणं, ही आज्ञा तर्काच्या दृष्टीने पोकळ आहे. योजना करायची म्हणजे आजचं काहीतरी उद्याकडे न्यायचं. ते नेता येत नसेल तर उरतो तो निव्वळ निबंध.

हा प्रश्न थोड्या शाळांचा नाही. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या गेल्या, त्या १४,७८३ निघाल्या. समूह शाळांची चर्चा त्यातूनच सुरू झाली. छोटी शाळा चालवणं परवडत नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. मी एवढंच विचारतो की तिला परवडेल अशी व्यवस्था आपण कधी करून पाहिली का? हात बांधायचे आणि मग पोहता येत नाही म्हणायचं!

बाहेर काय आहे तेही पाहू, अनुकरणासाठी नव्हे, तुलनेसाठी. अमेरिकेत शाळा चालवणारे स्थानिक जिल्हे असतात आणि त्यांना स्वतःचा करही मिळतो. तिथेही शिलकीवर वाद आहेत. न्यू यॉर्क राज्यात मोकळी शिल्लक पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या ४ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, पण दुरुस्तीसारख्या ठरलेल्या कामांसाठी वेगळा राखीव निधी ठेवता येतो. कॅलिफोर्नियात तर किमान किती राखावं याचंही प्रमाण आहे, आणि गंमत अशी की सर्वांत मोठ्या जिल्ह्याला ते १ टक्का आहे तर सर्वांत छोट्याला ५ टक्के. राज्याची स्वतःची गंगाजळी भरली की तिथे जिल्ह्यांच्या शिलकीवर १० टक्क्यांची कमाल मर्यादाही लागू होते, मात्र २०१७ मध्ये कायदा सुधारून २,५०१ पेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या जिल्ह्यांना त्यातून वगळलं. का? लहान घराला एका आजारपणाचा धक्का जास्त बसतो म्हणून. हे कळायला अमेरिकेत जायला नको, पण ते त्यांच्या कायद्यात आहे आणि आपल्या कायद्यात नाही. त्यांचा वाद किती राखावं हा. आपल्याकडे राखावं का, इथेच गाडी अडलेली.

आणि आपली परंपरा काय सांगते? मासा आणि पाणी सांगणारा तोच कौटिल्य कोष्ठागाराच्या प्रकरणात म्हणतो की साठ्यातला निम्मा हिस्सा प्रजेवरच्या आपत्तीसाठी ठेवावा, निम्मा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवं भरत राहावं. चोरीची पुरेपूर शंका घेणारा माणूस साठा बंद करा म्हणत नाही. मोजा म्हणतो. वरती गडावर चला. गंगासागर तलाव कशाला खोदला? पाऊस चार महिने आणि तहान बारा महिने, म्हणून. आज जर त्या तलावाला मार्चअखेरचा नियम लावला तर उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी सोडून द्यावं लागेल, आणि वर लिहावं लागेल : पाणी समर्पित.

थोडं इतिहासात जाऊ. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेऊ लागले. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाचा. म्हणजे गावच्या शाळेचा पैसा मुळात गावच्या शेतातून निघालेला. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्यांकडे वळतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यांनी मागितलं. आपण सक्तीचा कायदा केला, चांगलं केलं. पण पैसा कोणाचा, या त्यांच्या प्रश्नाला आपण बगल दिली. नियम धरून चालतो की पैसा सरकारचा, शाळा नुसती पाहुणी. फुले म्हणतील, पाहुणा कोण ते नीट बघा.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही भोळे आहात. समितीच्या बैठका कागदावर होतात, पालक सह्या करतात, कारभार एक-दोघांच्याच हाती असतो. हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे, मी नाकारत नाही. पण कारण आणि परिणाम नीट लावा. ज्या समितीला ठरवण्यासारखं काही नाही तिच्या बैठकीला मजुरी बुडवून कोण येईल? अधिकार नाही म्हणून माणसं येत नाहीत, आणि माणसं येत नाहीत म्हणून अधिकार द्यायचा नाही. हे चक्र तोडायचं तर अधिकाराच्या बाजूनेच तोडावं लागतं, कारण माणसांना हुकूम काढून उत्सुक करता येत नाही.

आणि वर नेलेला निर्णय शहाणा असतोच असं कुठे आहे? गणवेशाचं उदाहरण ताजं आहे. मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये, ते समिती खर्च करायची. २०२४-२५ ला राज्याने कापड खरेदी एकत्र केली. पुष्कळ मुलांचा अर्धा वर्ग संपत आला तरी गणवेश अंगावर नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा समित्यांकडे दिलं. सरकारने दुरुस्ती केली, ते बरंच झालं. पण धडा लक्षात घ्या. समिती चुकली तर एका वाडीचे गणवेश चुकतात, वरचं कार्यालय चुकलं तर राज्याचे.

मग करायचं काय? नुसती टीका करून उठणं मला आवडत नाही. तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, ज्या शाळांचा पट तीसच्या आत आहे त्यांना संयुक्त अनुदानातून, दोन वर्षांच्या अनुदानाएवढ्या मर्यादेपर्यंत, दुरुस्तीसाठी शिल्लक राखू द्यावी. वीस हजार रुपये. पैसा हवा तर त्या मुख्य खात्यातच राहू दे, व्याज सरकारचं, फक्त त्यावर शाळेचं नाव राहू दे आणि मर्यादा ३१ मार्चला पुसली जाऊ नये. म्हणजे नियमाचा पारदर्शकतेचा हेतू शाबूत राहतो. दोन, कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात छपराच्या खर्चाला ३१ मेपर्यंत मुदत द्यावी. जिल्हा परिषदेला काही निधी पुढच्या वर्षातही खर्च करता येतो. जी सवलत जिल्ह्याला चालते ती वाडीला का चालू नये? तीन, प्रत्येक शाळेची शिल्लक आणि खर्च वर्षातून दोनदा ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. संगणकावर दिसणारा हिशोब मंत्रालयाला दिसतो, ग्रामसभेत वाचलेला हिशोब गावाला ऐकू येतो. आणि पत्रे खरंच बसले का, हे गावाला मान वर केली की कळतं.

शेवटी या वाडीच्या नावाबद्दल. हिरकणीची कथा इथे मी सांगायची गरज नाही. सूर्यास्ताला दरवाजे बंद, हा गडाचा नियम. पहारेकऱ्यांनी तो पाळला, त्यांचं चुकलं नाही. तान्ह्या मुलासाठी ती कड्यावरून उतरली, तिचंही चुकलं नाही. कथेतल्या महाराजांनी काय केलं? ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं. आपण नाव लक्षात ठेवतो, सत्कार लक्षात ठेवतो. पण बुरूज बांधला म्हणजे तटाची उणीवही भरून काढली, आणि ती उणीव एका गवळणीने दाखवली हे उघड मान्य केलं. चांगला राज्यकर्ता नियमाबाहेर गेलेल्या माणसाकडून आपल्या नियमातलं भोक शिकतो. ३१ मार्च हा आपला सूर्यास्त आहे. त्यानंतर दर वर्षी कुठल्यातरी वाडीतले गुरुजी स्वतःच्या खिशातून ताडपत्री आणतात, पालक वर्गणी काढून पत्रे घालतात. हेही कडा उतरणंच आहे. त्याचं कौतुक आपण 'लोकसहभाग' म्हणून बातमीत छापतो. बुरूज मात्र बांधत नाही.

शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी करायचा असतो, म्हणजे डिसेंबरअखेर. तुमच्यात जे समितीवर आहेत त्यांनी या वर्षी तो स्वतः लिहावा. त्यात छपराचा खर्च तीन वर्षांत वाटून दाखवावा आणि खाली कलम २२, पोटकलम दोन असं लिहून पंचायत समितीकडे पोच घेऊन द्यावा. उत्तर काय येईल ते येऊ दे. ते जपून ठेवा. ते मात्र ३१ मार्चला व्यपगत होत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.